घाट उतरताना डाव्या चाकातून 'कुंईं', आणि ब्रेक दाबला की गप्प

यवतेश्वरचा_मास्तर · ६ जुलै, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. गाडीतलं मला पेट्रोल भरण्यापलीकडे फारसं कळत नाही, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, ८१ हजार किलोमीटर झालीय. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. घर गोडोलीत आणि शाळा यवतेश्वरच्या वर, म्हणजे रोज सकाळी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. गेले तीन आठवडे घाट उतरून समर्थ मंदिरापाशी आलो की पुढून आवाज सुरू होतो, पाटीवर कोरडा खडू घासावा तसा. 'कुंईं... कुंईं...', चाकाच्या फेऱ्यांबरोबर. राजवाड्यावरून जाताना माणसं वळून बघतात. सकाळी चढताना अजिबात नाही. ब्रेक नीट लागतोय, पेडल खाली जात नाही.

एका गॅरेजात दाखवलं. पोरानं खाली वाकून मॅगव्हीलच्या जाळीतून बॅटरी मारली आणि म्हणाला, "पॅड भरपूर आहेत सर, धूळ बसलीय, वॉशिंग करून घ्या." केलं. अर्धा दिवस शांतता, मग पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की दोन्ही डिस्क आणि पॅड बदला, ७,८०० रुपये. पॅड, म्हणजे डिस्कला दाबून धरणारे ते ठोकळे, गेल्याच ऑगस्टात बदललेत, त्यावर जेमतेम ९ हजार किलोमीटर चाललीय. पैसे घालवायच्या आधी इथं विचारतोय.

माणदेशी_गडी · ६ जुलै, रात्री १०.१२

एकदम सोपा उपाय. काचा वर, टेप मोठा. माझ्या गाडीला चार वर्षं हाच इलाज चाललाय.

कराडचा_कोपरा · ६ जुलै, रात्री १०.३०

मास्तर, खडा असणार. डिस्कच्या आतल्या बाजूला पातळ पत्रा असतो, डस्ट शील्ड म्हणतात. त्यात आणि डिस्कमध्ये बारीक खडी अडकली की असला आवाज येतो की वाटावं गाडीचे आता दोन तुकडे होणार. मला गेल्या हंगामात झालं होतं. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली काळी माती आणि त्यात खडी. रिकाम्या जागेत गाडी रिव्हर्स घ्या, दोन-तीन वेळा ब्रेक दाबा. खडा असला तर निम्म्या वेळा तिथंच गळून पडतो. नाहीतर चाक काढून पत्रा हातानं जरा मागं वाकवायचा. पाच मिनिटांचं काम.

मिरजेचा_पाना · ६ जुलै, रात्री ११.०५

मी गॅरेज चालवतो, मिरजेत. गाडी न बघता निदान करणं म्हणजे फोनवर नाडी बघण्यासारखं आहे, पण मास्तरांनी लिहिलंय चांगलं म्हणून विचारतो. तिथं जाळीतून बॅटरी मारली ते ठीक, पण तुम्हाला 'आवाज कधी येतो' हे कुणी विचारलं का?

आवाज कसा येतो हे गिऱ्हाईक तोंडानं करून दाखवतं, त्याचा मला फारसा उपयोग नसतो. एकाचं 'किर्र' ते दुसऱ्याचं 'घर्र'. पण कधी येतो हे कळलं की निम्मं चाक न उघडताच कळतं. ब्रेक दाबल्यावरच कुंई येत असेल तर पॅड कडक होऊन वर चकाकी आलेली असते, नाहीतर पॅडच्या मागची शिम (पातळ पत्रा) किंवा क्लिप बसवायची राहिलेली असते. खराब रस्त्यावर खडखड आणि ब्रेकवर पाय ठेवला की बंद, तर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणारा सांगाडा, पिनांवर ढिला झालाय. ब्रेक दाबताना एकदाच 'खट्' आणि सोडताना परत 'खट्', तर ब्रेकचा नाद सोडा, चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचा रबरी बुश बघा. मोठ्या वेगातून ब्रेक मारताना पेडल पायाखाली थरथरत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. आणि सुरू करून गाडी जराशी पुढं नेली की एकदा 'घुर्र' होऊन गप्प, तर ते एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) स्वतःची तपासणी करतंय, त्याला हात लावू नका.

तर सांगा. आवाज चालू असताना ब्रेक हलकाच दाबला तर काय होतं? डावीकडून की उजवीकडून? स्टिअरिंग वळवल्यावर फरक पडतो का? आणि घाट न उतरता नुसतं गावात फिरलं तर येतो का?

यवतेश्वरचा_मास्तर · ७ जुलै, रात्री ८.२०

कराडकर, शाळेच्या मैदानात पोरं जमवून रिव्हर्सचा कार्यक्रम केला. खडा पडला नाही, पोरांची करमणूक झाली.

पाना साहेब, इथं एक कबुली द्यायची आहे. सौ. पहिल्या दिवसापासून म्हणत होती की आवाज तिच्या बाजूनं येतो आणि तुम्ही ब्रेक दाबला की थांबतो. मी म्हणत होतो, ब्रेकचा आवाज ब्रेक दाबल्यावर थांबेल कसा? आज नीट लक्ष दिलं. ती म्हणते तसंच आहे. पाय टेकवला की एकदम गप्प, काढला की दोन सेकंदांत परत. वळणावर फरक नाही. गावात अर्धा तास फिरलो तर बारीकसा आला, पण घाटासारखा नाही.

सातारी_कंदी · ७ जुलै, रात्री ८.४५

डिस्कवर दोन थेंब तेल सोडा किंवा तो गंजाचा स्प्रे मारा. आवाज जागेवर बंद होतो, स्वानुभव.

मिरजेचा_पाना · ७ जुलै, रात्री ८.५२

आवाज बंद होतो आणि ब्रेकही बंद होतो. कंदी, राग मानू नका, पण हे वाचून कुणी खरंच करेल. पॅड तेल पितो. एकदा प्यायला की धुवून, घासून, भाजून काहीही करा, तो टाकूनच द्यावा लागतो. एका चाकाचा पॅड तेलकट आणि दुसरा कोरडा असला तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी कोरड्या बाजूला खेचते. यवतेश्वरला एका अंगाला दरी आहे.

निवृत्त_चालक · ७ जुलै, रात्री ९.३०

मी एसटीत चालक होतो, आता घरी. पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली, सगळे घाट केलेत. आवाजाचं मिस्त्री सांगतीलच, मला दुसरंच विचारायचं आहे. मास्तर, घाट उतरता कुठल्या गेरात?

यवतेश्वरचा_मास्तर · ७ जुलै, रात्री ९.४१

काका, खरं सांगू का, चौथ्यात. आणि जिथं सरळ उतार आहे तिथं न्यूट्रल. पेट्रोल वाचतं म्हणून.

निवृत्त_चालक · ७ जुलै, रात्री १०.१५

वाटलंच होतं. आमच्याकडं नवीन पोरगं आलं की आधी एकच गोष्ट शिकवायचे: ज्या गेरात चढवलीस त्याच गेरात उतरव. न्यूट्रल टाकलं की गाडीचं सगळं वजन ब्रेकवर येतं. आणि पेट्रोल वाचतं हा गैरसमज आहे. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गेर टाकून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनाला पेट्रोल जाणंच बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं जळत राहतं. काही महाभाग तर उतारावर चावीच बंद करतात. मग ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही, दोन-तीनदा ब्रेक मारला की पेडल दगडासारखं होतं.

तुमच्या घाटाला दुसरा गेर, वळण मोठं असेल तर तिसरा. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. थोडं ठामपणे दाबायचं, वेग उतरवायचा आणि सोडायचं, म्हणजे त्याला गार व्हायला उसंत मिळते.

दुसरं, ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं?

यवतेश्वरचा_मास्तर · ७ जुलै, रात्री १०.२२

ब्रेक ऑईल बदलतात?

निवृत्त_चालक · ७ जुलै, रात्री १०.२४

आता मिस्त्री बोला. मी पाणी पिऊन येतो.

मिरजेचा_पाना · ७ जुलै, रात्री ११.००

दहातल्या आठ गाड्यांची हीच कथा, त्यामुळं मास्तर, लाजू नका. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकी घट्ट बंद असली तरी रबरी पायपांमधून वर्षानुवर्षं ओल शिरतेच, आणि सातारा-महाबळेश्वरचा पावसाळा काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. नवं डॉट ३ दर्जाचं ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की डॉट ३ची हमी १४० वर येते आणि डॉट ४ची १५५ वर. म्हणजे थेंबभर पाण्यानं ६५-७५ अंश गेले.

घाटात सतत ब्रेक दाबून कॅलिपर तापला की आतलं ऑईल उकळून वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळं वर ठणठणीत असलेलं पेडल खालच्या वळणावर स्पंजासारखं आत जातं. खाली येऊन अर्धा तास थांबलं की परत ठीक, आणि गॅरेजात दाखवायला नेलं की काहीच सापडत नाही. दर दोन वर्षांनी बदलायचं. बाटली आधीची उघडून ठेवलेली नको, सीलबंदच आणायची.

हे तुमच्या कुंईचं कारण नाही. पण आवाजापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

कृष्णाकाठची · ८ जुलै, सकाळी ७.१०

सांगलीहून. मास्तर, बाजू पक्की करायची असेल तर भिंतीचा उपयोग करा. डावीकडची काच खाली घेऊन एखाद्या लांब कंपाऊंडच्या भिंतीला लागून सावकाश जा, मग परत येताना उजवीकडची. भिंतीवरून आवाज परतून कानात येतो. तुमच्याकडं तर सज्जनगडच्या रस्त्याला बोगदाच आहे. आणि गाडी थांबल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर तिथं ब्रेक सुटत नाहीये.

माझा अनुभव मागच्या चाकांचा आहे. २०१९च्या पुरात आमची गाडी दोन दिवस चाकभर पाण्यात होती, हँडब्रेक ओढलेला. पाणी उतरल्यावर इंजिन कसंबसं चालू झालं, पण गाडी जागची हलेना. ड्रमला लायनर, म्हणजे ड्रम ब्रेकचे घासणारे पट्टे, गंजून चिकटले होते. मिस्त्रीनं ड्रम हातोडीनं ठोकून सोडवला, आतून गाळाची लापशी निघाली. तेव्हापासून पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी करायची असेल तर हँडब्रेक ओढत नाही. पहिल्या गेरात टाकते आणि चाकाला दगड लावते. वडील म्हणतात, बैलगाडीची पद्धत परत आली.

यवतेश्वरचा_मास्तर · ८ जुलै, संध्याकाळी ७.३५

ताई, बोगद्याची युक्ती भन्नाट. घाट उतरून तसाच बोगद्याकडं वळलो, सौ. काचेला कान लावून. डावीकडून इतका स्पष्ट आवाज की वादच संपला. समोरच्या रिक्षावाल्यानं थांबून विचारलं, काय झालं वैनी.

घरी आल्यावर रिमजवळ हात नेला. उजवं पुढचं कोमट. डाव्या पुढच्याची धग दोन बोटांवरूनच लागली आणि जळका वास. मागची दोन्ही गार.

मिरजेचा_पाना · ८ जुलै, रात्री ८.०५

आता जमलं. मास्तर, उद्यापासून ती गाडी घाटात नेऊ नका, एसटीनं जा. कारण सांगतो.

पॅड दोन असतात, डिस्कच्या बाहेरून एक आणि आतून एक. जाळीतून बॅटरी मारली की दिसतो तो बाहेरचा. आतला दिसत नाही, आणि पॅडला ढकलणारा पिस्टन असतो आतल्या बाजूला. कॅलिपर दोन पिनांवर आत-बाहेर सरकतो म्हणून दोन्ही पॅड सारखे दाबले जातात. पिन अडकली की तो सरकत नाही. मग आतला पॅड एकटाच राबतो आणि ब्रेक सोडल्यावरही पूर्ण सुटत नाही. म्हणून चाक तापतं. तापलं की पिन अजून घट्ट. म्हणून तुम्हाला सकाळी चढताना आवाज नाही आणि संध्याकाळी उतरल्यावर आहे.

कुंईचं असं, की बऱ्याच गाड्यांत पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ मुद्दाम ठेवलेली असते. पॅड दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि ओरडते. ब्रेक दाबला की जीभ दाबून बसते, आवाज थांबतो. वहिनींनी पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं. आणि ही जीभ बहुधा आतल्या पॅडलाच असते.

माझा अंदाज: आतला पॅड संपलाय, बाहेरचा भरपूर आहे. चाक काढून घ्या आणि आतला पॅड तुमच्या डोळ्यांनी बघा. कुंईचं घर्र झालं तर लोखंडावर लोखंड लागलं समजा, मग गाडी जिथं असेल तिथंच उभी करा.

कराडचा_कोपरा · ८ जुलै, रात्री ८.२०

माझा खडा गेला म्हणायचा.

यवतेश्वरचा_मास्तर · १० जुलै, दुपारी ३.१५

काल सुट्टी टाकली. तिसऱ्या ठिकाणी गेलो, एक वयस्कर मिस्त्री आहेत, बोर्डसुद्धा नाही. चाक काढून कॅलिपर उघडला आणि दोन्ही पॅड माझ्या तळहातावर ठेवले. बाहेरचा ८ मिलिमीटर. आतला खालच्या टोकाला २, वरच्या टोकाला ४. म्हणजे तिरका झिजलेला. ती जीभ घासून चकचकीत झाली होती.

वरची पिन हातानं सरकत होती. खालची हलेना. पान्यानं फिरवून फिरवून काढली तर तिच्या टोकावरची रबरी नळी फुगून भज्यासारखी झालेली आणि भोकात पिवळं ग्रीस. मिस्त्रींनी वास घेतला आणि विचारलं, "मागच्या वेळी कुणी पॅड टाकले?" मी नाव सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त पिन पुसून बाजूला ठेवली.

मिरजेचा_पाना · १० जुलै, दुपारी ४.४०

तिरका झिजला म्हणजे एक पिन चालू, एक बंद. कॅलिपर सरळ सरकायच्या ऐवजी चालू पिनेवर दारासारखा फिरत होता.

आता ग्रीसचं. चाकाच्या बेअरिंगला, चेसिसला जे साधं ग्रीस लावतात ते खनिज तेलाचं. कॅलिपरच्या पिनेवरचं रबर त्यानं फुगतं. पोरगं चांगल्या मनानंच लावतं, पिन कोरडी दिसते म्हणून. दोन-चार महिने काही होत नाही, मग रबर हळूहळू भोकात दाटतं. तिथं सिलिकॉनचं, रबराला चालणारं ग्रीसच लागतं, तेही पातळ थर. ठासून भरलं तर हवा कोंडून पिन परत बाहेर ढकलली जाते. लहानशी ट्यूब मिळते, वर्षभर पुरते, पण गॅरेजात ती सापडली तर नवल. हे मी माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल लिहितोय, बोलणी खावी लागतील.

कराडचा_कोपरा · १० जुलै, संध्याकाळी ५.१०

दोन्ही पिना सारख्याच असतात का? आमच्याकडं घरीच पॅड बदलतो, तेव्हा कुठली कुठं होती ते लक्षात ठेवत नाही.

मिरजेचा_पाना · १० जुलै, संध्याकाळी ५.३५

ठेवा. बऱ्याच गाड्यांत एक पिन सपाट आणि एकीला टोकाशी रबर असतं, मास्तरांच्यात आहे तसं. कुठली वर आणि कुठली खाली हे कंपनीप्रमाणं बदलतं. अदलाबदल झाली तरी बसतात, म्हणून तर घोटाळा होतो. बसतात आणि काही महिन्यांनी अडकतात. उघडताना मोबाईलवर फोटो काढा. आणि पॅडची धूळ हवेच्या पाइपानं उडवू नका, छातीत जाते. ओल्या फडक्यानं पुसा.

निवृत्त_चालक · १० जुलै, रात्री ८.००

डिस्क बदलल्या का? ७,८०० वाले काय म्हणत होते?

यवतेश्वरचा_मास्तर · ११ जुलै, रात्री ९.००

नाही काका. मिस्त्रींनी डिस्कवर कोरलेला आकडा दाखवला, किमान जाडी १५ मिलिमीटर. व्हर्नियर लावून चार ठिकाणी मोजलं, डावी १६.२, उजवी १६.४. "अजून एक पॅडचा सेट खाईल," म्हणाले. डावीच्या आतल्या बाजूला निळसर डाग पडलाय तापल्यामुळं, पण चरे नाहीत. लेथवर पण नेली नाही.

पॅड दोन्ही बाजूंचे नवे टाकले. मी म्हणालो उजवे चांगले आहेत, तर म्हणाले एका पायात नवी चप्पल आणि एकात जुनी घालून चालता का? पिनांचा रबरी किट दोन्हीकडं नवा, सिलिकॉन ग्रीस मी दुकानातून शोधून आणलं (तिसऱ्या दुकानात मिळालं). ब्रेक ऑईल बदललं. जुनं निघालं ते कोऱ्या चहासारखं. मिस्त्री पेडल मारायला सांगत होते आणि प्रत्येक चाकातून हवा काढत होते, एकूण पाऊण तास. सगळं मिळून ३,४५० रुपये.

पहिले दोन दिवस जोरात ब्रेक मारू नका म्हणालेत. रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या वेगातून हळूहळू पंधरा-वीसवर यायचं, असं पंधरा-वीस वेळा, मध्ये गार होऊ द्यायचं. आज सकाळी ते केलं.

एकच शंका. आज सकाळी गाडी काढली तेव्हा पहिल्या दोन ब्रेकला 'खर्रर्र' झालं. नंतर काही नाही. माझ्या पोटात गोळा.

कृष्णाकाठची · ११ जुलै, रात्री ९.१०

रात्री पाऊस होता ना? डिस्क बिडाची असते, एका रात्रीत तांबूस गंज येतो. पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरवडून निघतो. सप्टेंबरपर्यंत रोज ऐका.

निवृत्त_चालक · ११ जुलै, रात्री ९.२५

आणि गेर?

यवतेश्वरचा_मास्तर · ११ जुलै, रात्री ९.२८

दुसरा, काका. मागचे लोक हॉर्न मारतात, मारू देतो. आज खाली आल्यावर दोन्ही चाकं सारखीच कोमट.

माणदेशी_गडी · १२ जुलै, रात्री १०.४०

तुमच्या नादानं मी आज टेप बंद करून दहिवडीपर्यंत गाडी चालवली. मागून घर्र घर्र येतंय. वेग वाढवला की वाढतंय. आता काय करू?

मिरजेचा_पाना · १२ जुलै, रात्री १०.४६

वळणावर कमी-जास्त होतं का?

माणदेशी_गडी · १२ जुलै, रात्री १०.४९

उजवीकडं वळलं की वाढतं, डावीकडं वळलं की बंद.

मिरजेचा_पाना · १२ जुलै, रात्री १०.५५

मग ब्रेक नाही, बेअरिंग. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकावर येतो, म्हणजे बहुतेक मागचं डावं. जॅक लावा, चाक वर-खाली धरून हलवा, मग हातानं फिरवून बघा. चार वर्षं टेप लावलाय म्हणालात ना? लवकर बघा.